उगाळावा तितका

बाबांच्या ओट्यावरची बरणी
मी झाकणावरूनच ओळखली.
आमच्या वॉर्डात हीच पूड
पाण्यात कालवून पाजतो आम्ही
पहाटे तीनला,
आजीच्या झोपेच्या गोळ्या मूठभर गिळून आलेल्या पोरीला.
एक घोट. अजून एक. शाबास.
तिचे ओठ काळे, चादर काळी, माझे बूट काळे.

आणि इथे हर्शेल टॅकेट, वय एकोणऐंशी,
नाकात ऑक्सिजनची नळी,
तीच पूड चमच्यात सुरीने सपाट करून
मसाल्यात घालतायत.

मीठ. तांबडी साखर. पॅप्रिका.
मिरी, भरड, आईच्या खलातली.
मोहरीची पूड. लवंग.
लवंगा किती, ते सांगत नाहीत.
चाळीस वर्षांत फादरनाही सांगितलं नाही,
कन्फेशनला बसूनसुद्धा.

ओवेन्सबरोत आम्ही मटण भाजतो,
म्हाताऱ्या मेंढीचं,
जिला बाकी केंटकीत कुणी विचारत नाही.
पॅरिशच्या पिकनिकच्या आदल्या रात्री
बाबा खड्ड्याशेजारी उभे असायचे,
फावड्याने हिकरीचे निखारे सारत,
आणि ओहायो नदीवरून येणारा वारा
सगळा धूर त्यांच्याच तोंडावर परत टाकायचा.
तो धूर आता छातीत राहायला आलाय.
भाडं देत नाही, निघतही नाही.

डॉक्टर म्हणाले, विस्तवापासून दहा फूट.
खड्डा वेन्डेलकडे गेला.
वेन्डेल गॅसवर भाजतो.
त्याबद्दल या घरात आम्ही बोलत नाही.

म्हणून ही विजेची भट्टी,
काचेचं दार, आत पिवळा दिवा,
आणि अकरा तास.

"यात धूर नाहीये," मी म्हटलं.
"माहीत आहे."
"चव नाही. वाससुद्धा नाही."
"माहीत आहे, डेल्फा."
"नुसतं काळं फासताय तुम्ही त्याला."
ते हसले, मग खोकले,
मग नळी सारखी केली.
नाकावर काळं बोट उमटलं.
"फिकं मटण माझ्या ताटातून जाणार नाही."

हा कोळसा हिकरीचासुद्धा नव्हे,
नारळाच्या करवंटीचा.
नारळ बाबांनी झाडावर कधी पाहिलेला नाही.
वाफेने आतून पोखरून काढलेला,
भोकंच भोकं,
चमचाभर पुडीत चेंडू खेळायचं मैदान मावेल इतकी.
जे भेटेल ते धरतो.
विष कुठलं, औषध कुठलं, विचारत नाही.
त्या पोरीच्या पोटातली झोप त्याने धरली,
तशीच आज बाबांच्या हृदयाची गोळीही धरेल.

मी काही बोलले नाही.
सातची गोळी उचलून
दहाच्या खणात ठेवली.

कोळसा उगाळावा तितका काळाच.
बरोबर. त्यांना तेवढाच तर हवा होता.
दोन्ही तळव्यांनी चोळत राहिले,
घडीत, कडेला, हाडापाशी,
बाळाला तेल लावावं तसे,
मध्येच थांबत, श्वास गोळा करत,
पुन्हा.

संध्याकाळी सुरी आत गेली तेव्हा
साल कुरकुरली, अगदी खड्ड्यातल्यासारखी.
खाली मात्र धुराची ती गुलाबी रेघ नव्हती.
त्यांनी पाहिलं.
सुरी थोडी थांबली.
मग पहिला तुकडा माझ्या ताटात.

मी बराच वेळ चावत राहिले.
"चार लवंगा," मी म्हटलं.
"गप्प जेव," म्हणाले,
आणि दात दाखवले,
सगळेच्या सगळे काळे.

पलीकडच्या अंगणात कुणीतरी
खरी लाकडं पेटवली होती.
बाबांनी मान वर केली,
मेंढ्यांमागच्या कुत्र्याने करावी तशी.
"खिडकी," एवढंच म्हणाले.

उघडली मी.
बोटभर.
घड्याळाकडे बघत.