तीन मिनिटं पुढे

शनिवारी भर दुपारी लाईन गेली,
झेरॉक्स मशीनच्या पोटात कागद अडकला
कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याचा,
शिक्क्याकडची बाजू तेवढी बाहेर.
तेवढ्यात उत्पलाचा फोन.
बसमध्ये होती, लीड्सहून एडिनबराला,
दोन दिवस, एकटीच.
"काऊन?"
"असंच. फिरायले."

असंच फिरायला आमच्या घरातलं कुणी
कधी कुठे गेलेलं नाही.
आम्ही जातो लग्नाला, दवाखान्यात, पुण्यानुमोदनाला,
तहसीलमध्ये तिसऱ्यांदा,
वर्षातून एकदा दीक्षाभूमीला.
आणि परतीची गाडी डोक्यात घेऊनच निघतो.

मी आपला हिशोब करत बसलो.
तिथली एक कॉफी म्हणजे एकशे नव्वद झेरॉक्स.
बसचं तिकीट, जाऊन-येऊन,
म्हणजे अख्ख्या गावाचे आधार कार्ड, दोन्ही बाजूंनी.
शिष्यवृत्तीचा हप्ता तर अजून
मंत्रालयाच्या कुठल्याशा टेबलावर झोपलेला.
विचारलं नाही. तिनंच सांगितलं :
डब्यात पाव आणि जवसाची चटणी आहे,
कॉफी एकच पिणार, ती पण उभ्यानं.

संध्याकाळी व्हिडिओ लावला.
काळपट दगडांची उंच घरं,
मधूनच खाली उतरत गेलेल्या अरुंद पायऱ्या,
आणि वारा असा की तिचं बोलणं अर्धं तोच बोलत होता.
इथं पंखा बंद, खुर्चीचं प्लॅस्टिक
पाठीला चिकटलेलं, पारा चव्वेचाळीस.
"स्वेटर घाल."
"घातलं हाय ना दादा, दोन घातले."
मग तिनं फोन वर धरला.
स्टेशनाजवळ एक मनोरा, त्यावर मोठं घड्याळ.
"हे तीन मिनिटं पुढं असते. मुद्दाम.
लोकायची गाडी चुकू नाही म्हणून."

मी काही बोललो नाही.
मला नागपूर आठवलं.
तिच्या पासपोर्टसाठी गेलो होतो दोघं,
काम झालं बाराला, दारव्ह्याची गाडी अडीचला.
ती म्हणाली, फुटाळा पाहून येऊ, ऑटोनं.
मी म्हणालो, गाडी चुकते.
अडीच तास गणेशपेठच्या बाकावर बसलो,
फायलीवर फाईल ठेवून,
तिनं एक संत्रं सोललं, फोडी मोजून अर्ध्या मला दिल्या.
गाडी आली पावणेचारला.
त्या दिवसाबद्दल ती कधीच बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री दीड वाजता पुन्हा फोटो आला.
तिकडे अजून उजेड होता.
एका टेकडीवर बसलेली, बुटं काढून,
खाली सगळं शहर, पलीकडे समुद्राची पट्टी.
एकटीच होती तर हा फोटो काढला कुणी?
लिहिलं होतं : पाय लय दुखून रायले.
मी लिहिलं, मीठ टाकून गरम पाण्यात ठेव.
मग वाटलं, दुसरं काहीतरी लिहायला हवं होतं.

सकाळी दुकान उघडून
भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे केलं.
पहिल्यांदा फसल्या रमाबाई थूल.
मुलीकडे निघाल्या होत्या, हातात मुरमुऱ्याची पिशवी,
घड्याळ पाहिलं आणि धावत सुटल्या फाट्याकडे,
एक चप्पल माझ्या पायरीवरच ठेवून.
मी चप्पल घेऊन मागे धावलो.
फाट्यावर दोघं चाळीस मिनिटं उभे होतो.
गाडी आलीच नाही,
काळीपिवळीवाला आला.
शेवटी त्याच्या मागच्या दांड्याला लटकत
रमाबाई गेल्या, मला शिव्या घालत.

परत आलो तर लाईन आलेली,
मशीननं आपणहूनच तो कागद बाहेर टाकला होता,
कोमट, एका कडेला चुरगळलेला,
नावाच्या जागी काळी रेघ.

घड्याळ मी तसंच ठेवलंय.
पुढच्या रविवारी यवतमाळला जाऊन येईन म्हणतो.
असंच.
घरी विचारलं तर सांगेन, टोनर आणायचं आहे.
रविवारी टोनरचं दुकान बंद असतं
हे घरात कुणाला ठाऊक नाही.