बाविसावं पान

स्वर्गाचं राज्य जवळ आलंय,
पास्टरसाहेब दर रविवारी सांगायचे,
आणि मी, सहा वर्षांची, बाकाखाली पाय हलवत
अंतर मोजायची:
सात रस्त्याच्या पुढं असेल,
आसरा चौकाच्या अलीकडं.
तिकडं सिटी बस जात असली तर बरं,
पप्पांची सायकल कायम पंक्चर.

पप्पा, म्हणजे शांतवन आवळे,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जॉबर.
बिघडलेला माग नुसता ऐकून ओळखायचे,
तुटलेला धागा लाइट गेलेली असताना सांधायचे.
गाठ उलट्या बाजूला, म्हणायचे,
सुलटीकडून चादर हसली पाहिजे.

शनिवारी पगार. शनिवारीच दारात माणसं.
बोद्दुल नरसय्याला लेकीच्या बाळंतपणासाठी,
इरण्णाला दवाखान्यासाठी,
कुणाला कशाला ते सांगताच यायचं नाही.
मम्मी आत टॉवेलच्या कडा शिवता शिवता
कपाळावर हात मारायची: धन्य आहे तुमची!
पप्पा हसायचे.
"बघ सुवार्ता, जे डोंगरावर बसून सांगितलं
ते तुझी आई मशीनवर बसून सांगते."

प्रार्थनेत आपल्याकडं ऋण म्हणतात.
पाप म्हणता आलं असतं, अपराधही चालला असता,
पण ज्यानं कुणी ती पहिल्यांदा मराठीत आणली
त्यानं वाण्याची वही पाहिलेली असणार.
सोडणं म्हणजे विसरणं नव्हे,
आकडा दिसत असताना
त्याच्यावर रेघ मारणं.

मातीनंतर पाचव्या दिवशी ट्रंकेत वही सापडली.
निळ्या शाईत नावं, वर लाल रेघ.
नरसय्या, अडीच हजार. रेघ.
इरण्णा, सातशे. रेघ.
एकाही रेघेशेजारी "मिळाले" नाही.
मम्मी चष्मा पुसत बसली.
म्हणाली, धन्य.
टोमणा की आशीर्वाद,
या वेळी आवाजावरून कळलं नाही.

बाविसाव्या पानावर एकच नाव.
याकोब. सख्ख्या भावाला कोण आडनाव लावतं.
दोन माग, चाळीस हजार,
आणि खाली बारीक अक्षरात, आईची तांब्याची घागर.
इथं शाई नाही, पेन्सिल.
रेघ मारलेली. खोडलेली. पुन्हा मारलेली.
कडेला तारखा: झावळ्यांचा रविवार,
नाताळच्या आदल्या रात्री,
मम्मीच्या ऑपरेशनचा दिवस,
त्या दिवशी नुसतंच खोडरबर.
सत्तेचाळीसपर्यंत मोजलं मी,
पुढं कागदालाच भोक,
आणि भोकातून पलीकडचा किराणा:
ज्वारी, शेंगा, तेल अर्धा किलो.

मला वाटायचं पप्पांना क्षमा येते
जसा एखाद्याला गळा असतो, जन्मत:.

काका मातीला आले होते.
फाटकाबाहेर, चपला हातात घेऊन.
मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मेचं ऊन, चव्वेचाळीस.
पिशवीत वही, कडक भाकरीचा पुडा, शेंगाचटणी.
काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं;
वही पुढं टाकावी, असंही मनात होतं, खोटं कशाला सांगू.
बस सात रस्त्याला वळली तेव्हा आठवलं,
काकांचं घर आसरा चौकाच्या अलीकडं.

कोण, म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मी म्हटलं, शांतवनची.
बराच वेळ दाराची कडी वाजत राहिली,
हात कापत होता त्यांचा.
मग म्हणाले, आत ये, ऊन फार आहे.

दात नाहीत. मी भाकरी आमटीत कुस्करून दिली.
कोपऱ्यात घागर होती,
चकचकीत घासलेली.
पाणी तिच्यातूनच दिलं त्यांनी, आणि मी प्यायले.
वहीचं कुणी बोललं नाही.

परतीच्या बसमध्ये पान उघडलं,
भोकाच्या कडेनं एक रेघ ओढली.
सरळ आली नाही, रस्त्यात खड्डे.
रात्री घागर आठवून पुन्हा पोटात ढवळलं.
उद्या परत ओढावी लागेल.
पेन्सिल उशाशी ठेवली आहे.