हाडाचा पोस्टमन

एकेचाळीस वर्षं मी गोर्लिट्झमध्ये टपाल वाटलं.
रेनाटे म्हणायची, तू हाडाचा पोस्टमन.
आता ती नाही,
आणि मी खरोखरच हाडातलं टपाल पोचवतो.

डबा निळा, दिसायला सहलीचा.
विमानात शेजारच्या पोराने विचारलं, आइस्क्रीम आहे का?
म्हटलं, त्याहून नाजूक.
आत चार अंशांची थंडी, तापमान टिपत बसलेलं एक यंत्र,
आणि पिशवी.
पहिल्या खेपेला मला वाटलं होतं मज्जा पांढुरकी असेल,
आई नळी फोडून सुपात गोळे सोडायची तशी.
नव्हती. गडद लाल, थेट रक्तासारखी.

काल सकाळी ड्रेस्डेनमध्ये कुणीतरी पालथं झोपलं, भूल घेऊन.
कमरेच्या हाडात सुई. कण्यात नाही,
लोक उगाच घाबरतात.
आठवडाभर दुखेल, बर्फावर आपटल्यासारखं,
आणि महिन्याभरात हाड आपली तूट भरून काढेल.
कोण होतं ते मला ठाऊक नाही.
पाठवणाऱ्याचं नाव नाही, घेणाऱ्याचं नाव नाही,
नुसता आकडा.
असं पाकीट मी नोकरीत कधी स्वीकारलं नसतं.

कागदावर एवढंच: मॉन्टेव्हिडिओ. वजन चौतीस किलो.
चौतीस किलो म्हणजे
दप्तर पाठीवर जड होण्याचं वय.

त्यांनी तिची हाडं रिकामी केली आहेत. औषधाने, मुद्दाम.
बिघडलेलं रक्त घडवणारे गेले,
चांगलं घडवणारेही गेले; निवडता येत नव्हते.
आता आत कुणीच नाही.
कुणाची साधी शिंकसुद्धा तिला महागात पडेल.
मी पोचलो नाही तर तिला मागे फिरायला वाट नाही.
हे आम्हाला प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं
आणि त्या कॉफी ओतायला गेल्या.

माद्रिदला धुकं. पाच तास.
डब्याचा पट्टा घोट्याभोवती गुंडाळून मी बसून राहिलो.
एक्स-रे चालत नाही, म्हणून चार भाषांतलं पत्र दाखवलं.
तपासणीवाल्याने ते दोनदा वाचलं आणि टोपी काढली.
का, कोण जाणे.

हार्टमुट माझा सख्खा भाऊ. लाइप्झिग, त्र्याऐंशी साल.
सख्ख्या भावंडांत चारांतल्या एकाचं जुळतं.
आम्ही दोनच होतो.
माझ्या दंडातून रक्त घेतलं, आठवड्याने मान हलवली.
एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो,
रक्ताचं नातं, आणि रक्तानेच ओळख दिली नाही.
परक्यांची यादी तेव्हा आमच्याकडे कुणी ठेवत नव्हतं.
नाहीतर असेलही कुठे कुणी गवंडी,
कुणी शाळामास्तर, त्याच्या मापाचा.
या मुलीला जुळला ना ड्रेस्डेनचा माणूस!
कोण जाणे, त्याच्या कुणा खापरपणजीच्या भावाने
हँबर्गच्या धक्क्यावर जहाज पकडलं असेल,
आणि मागे वळून पाहिलं नसेल.

मिर्ता नावाच्या नर्सने सही केली.
वेळ लिहिली: रात्रीचे दहा चाळीस.
मी विचारलं, शस्त्रक्रिया किती तासांची?
ती हसली. शस्त्रक्रिया कसली, शिरेतून थेंब थेंब सोडायचं.
मग हाडात कसं पोचतं?
जातं. त्याला वाट सापडते.
एकेचाळीस वर्षांत "पत्ता सापडत नाही" असा शिक्का
मी किती पाकिटांवर मारला.

दोन-तीन आठवड्यांनी कळेल, ती म्हणाली, रुजलं तर.
मला नाही कळणार. नियम आहे.
पोस्टमनला कोण उत्तर लिहितं? सवय आहे.

परतीच्या विमानतळावर डबा पट्ट्यावरून सरळ आत गेला.
पडद्यावर रिकामा चौकोन.
पोरगेलासा शिपाई म्हणाला, यात काहीच नाही, आजोबा.
म्हटलं, हो.
आणि बूट घालायला वाकलो
तर कंबर चमकली, उगाचच, डाव्या बाजूला.