घेऊन जा

उदगीरच्या कॉलेजात त्या वर्षी इंग्लंड उभं राहिलं
बारदानावर, तेलाच्या डब्यांच्या पत्र्यावर.
राजवाडा रंगवला सोपान पेंटरनं.
तो एरवी ट्रकच्या मागे मोर काढायचा,
म्हणून लंडनच्या भिंतीवरही एक मोर आला
आणि कुणी तो पुसला नाही.

राणी झाली नफीसा देशमुख, बी.ए. दुसरं वर्ष.
अंगात टुरिंग टॉकीजच्या पडद्याचा मखमली झगा,
पुठ्ठ्याची कॉलर,
तांबटाकडून ठोकून आणलेला पितळी मुकुट.
लई जड गं, म्हणायची, वर बघताच येत नाही यात.
मी विंगेत, स्टुलावर, टॉर्च घेऊन.
कुणी विसरलं तर आठवण द्यायची, एवढंच माझं काम.

पहिल्या अंकात राजानं तिला चोरून वरलं
बादलीत खोचलेल्या कडुनिंबाच्या फांदीखाली.
विधवा, दोन पोरांची आई, त्यात घराणं हलकं.
दरबारानं तेव्हापासून डूख धरला.
दुसऱ्या अंकात राजा मेला. ताप. तीन ओळी.
मग दीर आला,
पुतण्या लहान आहे तोवर मी बघतो म्हणाला,
तेव्हा डाव्या बाजूच्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या.
त्यांचा इतिहास पक्का होता.

तिसरा अंक. चर्चचा आसरा.
थोरला राजपुत्र आधीच किल्ल्यात,
धाकटा तिच्यापाशी.
धाकटा म्हणजे शिपाई ग्यानोबाचा इंदर, सहा वर्षांचा.
रात्रीचे साडेदहा. पोरगं तिच्या मांडीवर खरंच झोपलेलं,
तोंडाची पावडर मखमलीला पुसलेली.
धर्मगुरू आले, घोंगडीवर क्रूस शिवून:
भावाला भाऊ हवाय, राणीसाहेब. वाद नको. द्या.

यावर तिला एकच वाक्य होतं.
घेऊन जा.

ती बोलली नाही.
मी पानावर टॉर्च धरला. घेऊन जा, म्हणाले हळूच.
मुकुटाखालून तिनं माझ्याकडे पाहिलं,
जणू मागायला मीच आलेय.
घेऊन जा, म्हणाले पुन्हा,
या वेळी पहिल्या रांगेत प्राचार्यांनाही ऐकू गेलं.
धर्मगुरू घामाघूम, त्यांचं पुढचं सगळं
हिच्या दोन शब्दांना टांगलेलं.

नफीसानं मुकुट काढून खाली ठेवला.
पोराच्या कानावर तळवा धरला
आणि घरच्या बोलीत म्हणाली,
नै देती मैं. सोया सो पोट्टा है. जाव.

मागून हशा आला.
मग अर्ध्यातच थांबला.

परीक्षकांनी लिहिलं: इतिहासाशी विसंगत.
ढाल हिंगोलीला गेली.
नाटक सरांनी लिहिलेलं, ते दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी तासाला म्हणाले,
खऱ्या राणीनं दिलं होतं पोर.
पुढं दोघंही भाऊ कुणाला दिसले नाहीत.
एवढं सांगून खडू शोधत बसले,
खडू हातातच होता.

चौथा अंक झालाच नाही.
त्यात राणी थकलेली, मठात;
थोरली लेक नव्या राजाची राणी,
आणि आई मृत्युपत्र सांगतेय:
लेकीला देण्यासारखं माझ्यापाशी काही नाही,
आशीर्वाद तेवढा लिहा.
तालमीत नफीसा दर वेळी ‘काही नाही’पाशी थांबायची,
बांगड्या मोजल्यासारखी.

वही माझ्याकडेच राहिली.
तिसऱ्या अंकाच्या समासात माझीच पेन्सिल:
न. इथं अडखळते. लक्ष ठेवणे.

इंदर आता देगलूर गाडीवर कंडक्टर आहे.
परवा विचारलं, आठवतं का रे ते नाटक?
मी झोपलो होतो की, म्हणला
आणि सुट्टे मोजत पुढच्या सीटकडे गेला.