पाझर चाचणी

पहिल्या बादलीवर विश्वास ठेवायचा नाही.
मेमधली पांजरीची काळी जमीन
हातभर फाटलेली असते,
ओतलं की गट्टकन पिते,
आणि नवखा इंजिनिअर वहीत लिहितो : निचरा उत्तम.

मी रात्रभर खड्डा भिजत ठेवते.
कवडू उईके शेजारी खाटेवर,
दर तासाला उठून डब्यानं भर घालतो.
पहाटे भेगा मिटलेल्या.
पट्टी उभी केली, घड्याळ लावलं :
अर्ध्या तासात दोन मिलिमीटर.
"हे माती पानी पेत नाई, म्याडम," तो म्हणाला,
"चघळते."

अहवालात मला तो शब्द घालता आला नाही.

वसतिगृह बासष्ट मुलींचं.
गटारलाइन रिंगरोडच्या अलीकडेच थांबलेली,
पुढे न येण्याची तिची कारणं तिला ठाऊक.
म्हणून जमिनीवर उचललेला वाळूचा वाफा,
वाळूवर खडी, खडीत भोकं पाडलेले पाइप,
वर कर्दळ,
आणि दिवसातून चारदा मोजून पाणी सोडणारा लहानसा पंप.
माती पिणार नाही ते नागपूरचं ऊन पिईल,
उन्हाला कुणाच्या सहीची गरज नाही.

अर्जात दोनच चौकटी होत्या :
गटारजोडणी. शोषखड्डा.
तिसरी मी आखली, हातानं, जराशी वाकडी,
आणि फाइल तिथेच अडकली अकरा महिने.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयात
कूलरच्या ताट्यांतून पाणी गळतं,
खाली ठेवलेली बादली
शिपाई खिडकीतून रिकामी करतो.
कुठे जातं ते, मी विचारलं नाही.

"नाव?"
"निनावे."
बाबू सांगलीकडून बदलून आलेला.
"अहो, नाव विचारलं."
"तेच सांगतेय. कोष्टीपुऱ्यात अर्धी गल्ली निनावे आहे."
त्यानं लिहिलं, आणि पुढे एक बारीकसं प्रश्नचिन्ह.

डहाके साहेबांनी आकडे वाचले.
"माणशी एकशे पस्तीस लिटर. एवढं वापरतात पोरी?"
"सत्तर. टँकर चुकला की तीस."
"मग?"
"नियमात एकशे पस्तीस आहे."
ते हसले नाहीत, मीही नाही.
बासष्ट जणींना कधीच न मिळालेल्या पाण्याचं
सांडपाणी मी मोजलं होतं,
त्याच्यासाठी वाळू, खडी, जागा
राखून ठेवली होती.

"उन्हाळ्याचं ठीक आहे हो. ऑगस्टात?"
अकरा महिन्यांत तेवढाच प्रश्न मला आवडला.
पिशवीतून दुसरा नकाशा काढला,
तीन आठवड्यांची साठवण टाकी, लाल शाईत.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नाक कागदाला टेकवलं
आणि पाइपाचा उतार
बोटानं चालून पाहिला, शेवटपर्यंत,
मग परत वर.

मंजुरी आली, चौदा अटींसह.
अट नववी : सदर यंत्रणेची देखभाल अर्जदाराने सदैव करावी.
अट चौदावी : ही मंजुरी पाच वर्षांपुरती.
'सदैव'पाशी मी जरा थांबले.
एवढा शब्द,
आणि टंकणाऱ्यानं त्याच्याआधी
एक जागासुद्धा जास्त सोडलेली नाही.

कवडूला फोन केला.
तो खूशबिश काही झाला नाही.
"मंग तो जुना खड्डा बुजवू का?"
खड्डा म्हणे वाळून पुन्हा तडकलाय,
आणि वसतिगृहातली एक पोरगी,
सातवीतली असन,
रोज सकाळी दात घासते त्याच्या काठावर,
चूळ आतच टाकते,
अन् उकिडवी बसून
पाहत राहते
किती वेळ लागतो ते.