डोळा बांधणं

शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत
पंचफुला कापते, मी बांधते.
जंबेरीच्या खुंटावर, मातीपासून वीतभर वर,
एक आडवी चीर, एक उभी,
साल उचलायची नखानं
आणि आत संत्र्याचा एक डोळा सरकवायचा.
मग माझी पट्टी. माझी गाठ.
दिवसाला सातशे डोळे, हिवाळाभर.
आमचं बोलणं पाठमोरं,
ती पुढच्या खुंटाशी, मी मागच्या.

पोळा झाला आणि तिचे शब्द सांडायला लागले.
चाकूला म्हणाली, "ते दे व, ते चावते ते."
मला हाक मारली तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं,
मी ओ दिली.
मग एका सकाळी
तिनं डोळा उलटा बसवला.
पंचफुलानं. उलटा.
मी पट्टी गुंडाळलीच नाही,
चाकू तिच्या हातातून काढून घेतला
आणि रेवनाथभाऊला शेतातून बोलावलं.

नागपूरला डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली.
डाव्या बाजूला, कानाच्या वर, लिंबाएवढी गाठ.
"सलाईननं नाई का विरघळत?" रेवनाथभाऊ.
त्या म्हणाल्या, मेंदूच्या बारीक नसांना
आतून असं घट्ट अस्तर आहे
की साखरेला वाट देतं, औषधाला देत नाही.
वेशीवरूनच परत पाठवतं.
आणि परतलेलं औषध गप्प बसत नाही,
अंगभर हिंडतं, केस नेतं, तोंडाची चव नेतं.
म्हणून गाठ काढली की जी पोकळी उरेल
तिच्याच भिंतींना औषधाच्या चकत्या लावू,
नाण्याएवढ्या, मावतील तेवढ्या.
दोन-तीन आठवडे झिरपतील.
जिथं पाहिजे तिथंच.

"बरी होईन म्हना?"
"वेळ मिळेल. किती, ते मी सांगत नाही."

पंचफुलानं हवेत बोट फिरवलं,
एक आडवं, एक उभं.
"असं कापता. आत ठेवता. मंग बांधता कायनं?"
"टाके असतात."
"पट्टी नाई?"
"नाही."
"मंग गाठ कोन पायते?"
डॉक्टरीणबाईंना वाटलं ती आजाराचं विचारते आहे.
माझ्याकडे बघून
फक्त मीच हसले, आणि बाहेर जाऊन बसले.

त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात
मी माझी बोटं मोजत होते.
आम्ही डोळा ठेवतो तो फुटावा म्हणून.
हे ठेवतात, काही फुटू नये म्हणून.
तीच चीर, तोच नेम, तितकीच जागा,
आणि मागणं अगदी उलटं.
कुणाकडे मागायचं हे
मला नीट जमेना.
सवयीनं तोंडात येत होतं:
लागू दे, लागू दे.

एकवीस दिवस झाले.
डोक्याला फडकं बांधून ती आली आज,
पालथ्या कॅरेटवर बसली, उन्हाकडे पाठ करून.
मागच्या खेपेच्या पट्ट्या सोडायचा दिवस.
हिरवा निघाला तो जगला,
काळा निघाला तो गेला, खुंट पुन्हा कापायचा.
मी सोडते, ती बघते.
हिरवा. हिरवा. हिरवा. काळा. हिरवा.
तिची फिल्म गुरुवारी आहे.
तिथं काहीच न दिसणं हाच हिरवा,
हे मी तिला तीनदा सांगितलं,
तिनं तीनदा मान हलवली.

डोळ्याला ती आता "बघनं" म्हणते.
पट्टीचं नाव अजून सापडलेलं नाही.
पण या ओळीत चाकू माझ्या हातात,
नवी आहे मी कापण्यात, माझी चीर वाकडी,
आणि बांधायलाही मीच.
तिनं वाकून अंगठा दाबला माझ्या बांधणीवर,
बराच वेळ दाबून धरला,
जणू नाडी बघते आहे.
"ढिली हाय व," म्हणाली. "सोड.
पुना बांध."