जमेची बाजू

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
मी वही उघडते. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले,
आता स्वतःचा. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

नावे आपोआप भरतं.
खुब्याचं हाड. बॉयलरचा खोकला.
हेमलचा फोन, जो रविवारीही आला नाही.

जमेला पेन अडतं.
उगाच काहीतरी खरडायचं नाही, हा माझा नियम.
"पहाट सुंदर होती" वगैरे. पावती कुठाय?

पण गेले तीन मंगळवार कचऱ्याचा निळा डबा
रिकामा होऊन आपला आपण फाटकाआत येतो,
चाकांवरचा बर्फ झटकून.
आज पडद्याआड दबा धरला.
शेजारचा ड्युगल्ड!
कुंपणापायी ज्याच्याशी तीन वर्षं अबोला,
तो पायात सपाता घालून, बदकासारखा तोल सावरत,
माझा डबा आत ढकलत होता,
चोरी करावी तसा इकडेतिकडे बघत.

दार उघडून आभार मानले असते
तर बिचारा लाजेनं मेलाच असता.
म्हणून उद्या पुडीभर शंकरपाळी
त्याच्या पायरीवर ठेवीन. मीही इकडेतिकडे बघतच.

लिहिलं: जमा, एक डबा.
रकमेच्या रकान्यात काय घालावं कळेना.
शाई वाळेपर्यंत तशीच बसले.
टे नदीच्या पुलावरून एक आगगाडी गेली,
सगळ्या खिडक्या पेटलेल्या.
तीही मांडली.
पावतीशिवाय.